स्टेज वन रिमॅप: आधी क्लच बघा, मग पिकअप

ईसीयूतली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली, मूळ फाइल बदलून (यालाच रिमॅप म्हणतात; सुटे भाग न बदलता केला तर स्टेज वन) गाडीचा पिकअप वाढवून देणारे आता गोव्यात सहज मिळतात. कोणी गॅरेजात करून देतं, कोणी शेजारच्या राज्यातून लॅपटॉप घेऊन शनिवार-रविवारी येतं आणि चार-पाच गाड्या ओळीने उरकून जातं. खर्च साधारण २० ते ३५ हजार. पैसे वसूल होतात का? काही गाड्यांत नक्की होतात, काहींत त्याच पैशांत नवी क्लच प्लेट घातलेली बरी.

टर्बो नसलेल्या गाडीवर हा खर्च करूच नका. साध्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनात फाइल कितीही हलवली तरी चार-पाच बीएचपीच्या वर हाती काही लागत नाही, कारण फाइल बदलली म्हणून इंजिन जास्त हवा ओढत नाही. टर्बोत हवा दाबून भरता येते, त्यामुळे तिथे २० ते २५ टक्के वाढ खरोखरची असते. मूळ २६० एनएम टॉर्कचं (फिरवण्याच्या जोराचं) १.५ लिटर डिझेल ३१०-३२० पर्यंत आरामात जातं. चोर्ला घाटात पुढचा ट्रक गाठून ओव्हरटेक करताना तिसऱ्यावरून दुसऱ्यात यावं लागत नाही, आणि खरा फायदा तोच. मायलेज वाढण्याचं आश्वासन मात्र मनावर घेऊ नका. वेर्ण्याच्या सरळ रस्त्यावर हलक्या पायाने चालवलीत तर थोडा फरक पडेल, पण पाय हलका राहत नाही.

गोम अशी की हा जोर नेमका कोणत्या आरपीएमला द्यायचा हे फाइल लिहिणारा ठरवतो. गिऱ्हाइकाला हवा असतो १,५०० ते १,८०० आरपीएमचा झटका, म्हणजे पर्वरीच्या कोंडीतून सुटल्यावर चौथ्यात नुसतं दाबलं की गाडी पळाली पाहिजे. क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचजवळचं, इंजिनाचे झटके शोषणारं चाक) मरतात ते इथेच. कंपनीने क्लच बसवताना थोडी जादा क्षमता ठेवलेली असते, पण ६०-७० हजार किलोमीटर झालेल्या गाडीत ती घासून गेलेली असते. म्हणून ट्यूनरला स्पष्ट सांगा की २,००० आरपीएमच्या खाली टॉर्क मूळच्या जवळपासच ठेव, वाढ त्यानंतर हळूहळू दे. अशी फाइल पहिल्या फेरीत थोडी नीरस वाटते, पण क्लच टिकतो.

क्लचची परीक्षा रिमॅपच्या आधी करायची. इंजिन गरम झाल्यावर अनमोड घाटात, मागे-पुढे गाडी नसताना, चौथ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वेगाच्या बरोबरीने चढला तर ठीक. काटा एकदम तीनशे-चारशेने उडाला आणि गाडी तिथेच राहिली, मागून जळका वास आला, तर ही प्लेट मूळ टॉर्कलाही पुरत नाही. तिच्यावर ६० एनएम आणखी टाकले तर महिनाभरात गाडी उभी.

आता सेवेचा दर्जा कसा ओळखायचा? डायनोवरचा (ताकद मोजायच्या यंत्रावरचा) छापील आकडा बघून नव्हे. चांगला ट्यूनर आधी फॉल्ट कोड तपासतो, मग मूळ फाइलवरच तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० ते ४,००० आरपीएमपर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून एक ओढ घेतो आणि लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, काढतो. होझ पाइप फुटका असेल, इंटरकूलरला गळती असेल किंवा इंजेक्टर थकलेला असेल तर इथेच दिसतं. अशा वेळी जो रिमॅप नाकारतो, त्याच्याकडे बिनधास्त परत जा. नंतर ओबीडी सॉकेटमधून (गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटमधून) फाइल लिहायची. त्या दहा ते तीस मिनिटांत बॅटरीला चार्जर जोडून व्होल्टेज १३ च्या वर धरून ठेवलेलं हवं, एसी आणि दिवे बंद हवेत. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी सुरूच होत नाही. चार्जर न लावता काम सुरू करणाऱ्याला तिथेच थांबवा. काही ईसीयू झाकण उघडूनच लिहावे लागतात. ते सिलिकॉनने नीट बंद केलं नाही तर आपल्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यात आतल्या पिना हिरव्या पडतात.

काम झाल्यावर तीच ओढ पुन्हा, आणि दोन्ही लॉग शेजारी ठेवून बघायचे. डिझेलमध्ये मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट यांत १०० मिलिबारच्या आत फरक हवा, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) मध्येच कोसळता कामा नये. पेट्रोलमध्ये नॉकमुळे (इंधन स्वतःहून पेटून बसणाऱ्या ठोक्यामुळे) इग्निशन तीन-चार अंशांहून जास्त मागे जात असेल तर फाइल जास्त ताणलेली आहे. लॉग दाखवायला टाळाटाळ झाली तर समजायचं की फाइल बाहेरून विकत आणून जशीच्या तशी चढवली आहे.

समुद्रसपाटीवर बनवलेल्या फाइलची आणखी एक गोम आहे. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, हवा तिथे विरळ. तोच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. कंपनीच्या फाइलमध्ये उंचीप्रमाणे बूस्ट कमी करणारा तक्ता असतो, तो स्वस्तातले ट्यूनर सपाट करून टाकतात. असा टर्बो खाली म्हापशाला ठणठणीत आणि घाटमाथ्यावर शिट्टी मारतो. तक्ता तसाच ठेवला आहे ना, हे विचारून घ्या.

टर्बो पेट्रोलवाल्यांनी ऑक्टेनचा (पेट्रोल नॉकला किती दाद देत नाही त्या आकड्याचा) हिशेब आधी करावा. ९५ ऑक्टेनवर बनवलेली फाइल घेतली तर कायम तेवढ्याचंच पेट्रोल भरावं लागतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून ई-२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) तेवढीच ताकद काढायला इंधन जास्त जातं. स्पार्क प्लग नवे टाका, गॅप थोडा कमी ठेवा. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात उंच गिअरमध्ये १,५०० वर पूर्ण दाबणं टाळा, वेळेआधी स्फोट होऊन पिस्टनची कड तुटू शकते. जुन्या पोलो टीएसआयच्या सात गिअरांच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादा २५० एनएम आहे. २३० पर्यंतची फाइल ठीक, पण २६० चं आमिष दाखवणाऱ्याला नमस्कार करून निघा.

ट्यूनिंग बॉक्स हा स्वस्त पर्याय, पण त्याला फार तर दहापैकी चार. तो रेल प्रेशरचा सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसून ईसीयूला दाब कमी असल्याचं खोटं सांगतो, मग ईसीयू दाब वाढवतो. हवेचं काय, तापमानाचं काय, त्याला पत्ता नाही. काढून ठेवता येतो, एवढीच जमेची बाजू. उघडा कोन एअर फिल्टर तर पावसाळ्यात लावूच नका. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि तो खाली बसवला असेल तर साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी थेट सिलिंडरमध्ये.

बीएस-६ डिझेलमध्ये धूर वाढला की डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो. त्यातली काजळी जाळायला एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास काही वेळ टिकावा लागतो. पणजी-म्हापसा १३ किलोमीटरच्या रोजच्या फेरीत ते होत नाही. मग कोणीतरी डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला देतं, तो ऐकू नका. कंपनीने ठरवलेल्या रूपात बदल करण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी शिल्लक असेल तर तीही गेली असं धरून चला, आणि विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर मोठ्या दाव्याच्या वेळी वाद ठरलेला.

रिमॅपनंतर ऑइल दहा हजारांऐवजी साडेसात हजारांवर बदला आणि घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा. मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर स्वतःकडे मागून घ्या. सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट केलं की रिमॅप पुसला जातो, तेव्हा पुन्हा चढवायचे पैसे लागणार की नाही हे पावतीवर आधीच लिहून घ्या.