कायनेज की लायगेज? स्तनाच्या कर्करोगावर पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी

बडोद्यात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुले हल्ली विषय ठरवताना एकच प्रश्न विचारतात: प्रथिनांना फॉस्फेट लावून त्यांचे काम बदलणाऱ्या कायनेजांवर काम करावे, की युबिक्विटिनची खूण लावून त्यांना मोडीत काढणाऱ्या लायगेजांवर? मी आधी कायनेज घेतले आणि नंतर वाट बदलली, तेव्हा माझे मत अगदी निष्पक्ष नाही, हे आधीच सांगतो.

उपचारांचा विचार केला तर कायनेजांचेच पारडे जड आहे. हर-२ या कायनेजग्राहीला रोखणारे ट्रॅस्टुझुमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पेशीविभाजन पुढे नेणाऱ्या सीडीके ४ आणि ६ या कायनेजांना रोखणारे पॅल्बोसिक्लिब २०१५ मध्ये. प्रयोगात ही प्रथिने हुडकणारी प्रतिपिंडे सहज मिळतात, संदर्भांचीही वाण नाही.

मला विटवले ते फॉस्फेटच्या क्षणभंगुरपणाने. पेशी फोडल्या की त्यांच्यातलेच फॉस्फेटेज ती खूण पुसू लागते. आमचे थंड सेंट्रिफ्यूज दोन मजले वर होते, आणि मे महिन्यातल्या दुपारी बर्फाचा डबा छातीशी धरून जिना चढेपर्यंत एकाच नमुन्याच्या दोन नळ्यांत वेगवेगळे उत्तर तयार झालेले असे. रोधक रसायने वेळेवर घातली तर बरेच निभते, हे मान्य. त्यात भर दुधाची. ब्लॉट, म्हणजे प्रथिने उतरवून प्रतिपिंडांनी तपासायचा पडदा, दुधाच्या पावडरीत बुडवण्याची आमची जुनी सवय. पण दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेटधारी प्रथिन असल्याने फॉस्फेट शोधणारी प्रतिपिंडे त्यालाच चिकटत आणि सगळी फिल्म काळवंडून येई, आणि दोष दुधाचा आहे हे ध्यानात यायला मला दोन महिने लागले.

लायगेजांकडेही कटकटी आहेतच. ती ६०० हून अधिक असल्याने कोणते लायगेज कोणत्या प्रथिनाला धरते हे सिद्ध करणे जिकिरीचे असते, आणि युबिक्विटिनच्या ब्लॉटवर रेघेऐवजी डाग उमटतो. पण रोजच्या कामात आपण पाहतो ते प्रथिन किती वेळ टिकते एवढेच. सायक्लोहेक्सिमाइडने नवी निर्मिती थांबवली की दर दोन तासांनी रेघ फिकट होत जाते आणि एमजी-१३२ घालून खूण लागलेली प्रथिने मोडणारा प्रोटिएसोम अडवला की ती टिकून राहते. दहा मिनिटांच्या उशिराने हे चित्र सहसा बिघडत नाही.

शिवाय कर्करोग पसरण्याचा प्रश्न इथे थेट हाताशी येतो. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिनला दडपणारे स्नेल हे प्रथिन एरवी फार टिकत नाही: जीएसके-३ बीटा हे कायनेज त्याला फॉस्फेट लावते, ते फॉस्फेट ओळखून बीटा-टीआरसीपीवर आधारलेले लायगेज त्याला प्रोटिएसोमकडे धाडते. ही साखळी तुटली की स्नेल साचते आणि पेशींची पकड सैल होते. म्हणजे लायगेज घेतले तरी कायनेज पुरते सुटत नाही, पण मग ते पाहुण्यासारखे अधूनमधून येते, आणि मला तेवढेच मानवते.

मार्गदर्शकांकडे औषधांचे काम आधीच चालू असेल तर कायनेज खुशाल घ्यावे. फक्त सेंट्रिफ्यूज कोणत्या मजल्यावर आहे, ते प्रवेशाआधी पाहून यावे.