डायनाबीड्स सीडी३/सीडी२८: टी-पेशी वाढवायच्या असतील तर पैसे वसूल

रक्तातून टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वेगळ्या काढायच्या आणि वाढवायच्या, हे पुण्याच्या लॅबमधलं माझं रोजचं काम. त्यासाठी मी डायनाबीड्स ह्युमन टी-ॲक्टिव्हेटर, म्हणजे टी-पेशींना जागं करणारे बारीक मणी, वापरते. ज्यांना भरपूर आणि धडधाकट पेशी हव्यात, त्यांनी किमतीकडे न बघता हेच घ्यावं.

मणी ४.५ मायक्रॉनचा, चुंबकाला ओढला जाणारा. त्यावर दोन अँटिबॉडी (ठरावीक रेणूला धरणारी प्रथिनं) पक्क्या बसवलेल्या असतात. एक टी-पेशीवरच्या सीडी३ या प्रथिनाला धरते, दुसरी सीडी२८ला. शरीरात टी-पेशीला जागं करण्याचं हे काम डेंड्रिटिक पेशीचं. ती अँटिजेनचा (जंतूसारख्या परक्या गोष्टीतल्या पदार्थाचा) तुकडा दाखवते तो पहिला सिग्नल, आणि तिच्या अंगावरची सीडी८० व सीडी८६ ही प्रथिनं सीडी२८ला जाऊन जुळतात तो दुसरा. नुसत्या पहिल्यावर टी-पेशी नीट जागी होत नाही. उलट ती सुस्तावते आणि पुढे तोच अँटिजेन समोर आला तरी दाद देत नाही. दुसरा मिळाला की आयएल-२ हे टी-पेशींना वाढायला लावणारं प्रथिन भरभरून तयार होतं, पेशी तग धरते आणि विभागत राहते.

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघा, मण्यांभोवती पेशींचे घोस लागलेले दिसतात. पुढे पेशी फुगतात, लाल मीडियम (पेशी वाढवायचा द्रव) पिवळसर पडायला लागतं. तो रंग दिसला की मला खरंच आनंद होतो!

कुपी वापरण्याआधी व्हॉर्टेक्सवर (नळी घुसळणाऱ्या यंत्रावर) चांगली ३० सेकंद धरा, मणी तळाशी बसलेले असतात. मग ते धुऊन घ्या. एका पेशीमागे एक मणी, सोबत आयएल-२ मिलीलीटरला ३० युनिट. फ्लो सायटोमेट्रीआधी (यंत्रावर एकेक पेशी तपासण्याआधी) पिपेटने घोस मोडा आणि नळी मॅग्नेटला लावा. मणी भिंतीला चिकटतात, पेशी द्रवात राहतात. हा टप्पा घाईत उरकू नका.

दुसऱ्या सिग्नलचाच अभ्यास करायचा असेल तर मात्र हे घेऊ नका. मण्यावरचं दोन्ही अँटिबॉडींचं प्रमाण ठरलेलं असतं, ते कमी-जास्त करता येत नाही. त्यापेक्षा प्लेटवर अँटी-सीडी३चा लेप द्या आणि अँटी-सीडी२८ हवी तेवढी वेगळी घाला. सीडी२८ला कमी लेखू नका, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन१४१२ या औषधाची चाचणी झाली. ही अँटिबॉडी एकट्या सीडी२८ला धरून, पहिल्या सिग्नलशिवाय टी-पेशी पेटवायची. औषध टोचलेले सहाही निरोगी स्वयंसेवक काही तासांत अत्यवस्थ झाले. सुदैवाने सगळे वाचले.

मागवताना सुट्ट्या बघा. कुपी २ ते ८ अंशांतच राहायला हवी, गोठलेलीही चालत नाही. एका वितरकाचं पार्सल दिवाळीत गोदामात पडून राहिलं, हातात आलं तेव्हा आइसपॅक कोमट होते. आम्ही ते घेतलंच नाही. सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा, असं ऑर्डरवरच लिहून द्या.