वाचनाचा ओघ वाढवायचाय: अनुवाचन, जोडीवाचन, पुनर्वाचन की नाट्यवाचन?

तिसरीचा पट ३० धरा आणि तासिका ३५ मिनिटांची. आपण नेहमीसारखं ‘आता तू वाच, पुढचं तू वाच’ करत प्रकट वाचन घेतलं, तर एका मुलाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येतं. बाकीचा वेळ ते आपल्या वाट्याचा परिच्छेद शोधून त्याच्यावर बोट ठेवून बसतं. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाने दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी अनोळखी मजकुराचे किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असं लक्ष्य ठेवलंय. रोजच्या एका मिनिटाच्या सरावावर ते कसं गाठायचं? म्हणून पद्धत निवडताना मी आधी एवढंच बघते, की प्रत्येक मूल स्वतः मोठ्याने किती वेळ वाचतं.

अनुवाचनात आपण वाक्य वाचतो आणि वर्ग मागून म्हणतो. पहिली-दुसरीला याला तोड नाही. ‘चाक’ आणि ‘चार’मधला च लिहायला एकच, उच्चाराला वेगळा, ‘कमळ’मधला शेवटचा ळ पूर्ण म्हणायचा नसतो. हे मुलांना कानानेच कळतं. मागे पडलेलं मूलही सगळ्यांच्या आवाजात न बिचकता वाचतं. धोकाही तिथेच आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी आख्खा पाठ खणखणीत म्हणायची. एकदा मी ‘स्वच्छ’ या शब्दावर बोट ठेवलं, तर ‘स...’ म्हणून ती थांबली आणि वरच्या चित्राकडे बघायला लागली. पाठ तिला तोंडपाठ होता, वाचता येत नव्हता. तेव्हापासून शब्दावर बोट नसेल तर मी अनुवाचन पुढे नेत नाही.

जोडीवाचनात दोन मुलं आळीपाळीने एकमेकांना वाचून दाखवतात, त्यामुळे हिशोब एकदम बदलतो. १५ मिनिटांत प्रत्येकाला सात मिनिटं मिळतात आणि सगळा वर्ग एकाच वेळी वाचत असतो. जोड्या मात्र विचार करून लावा. सगळ्यात पुढचं मूल आणि सगळ्यात मागचं मूल एकत्र बसवलं, तर एक कंटाळतं आणि दुसरं मिटून जातं. वाचनाच्या क्रमाने यादी करा, मधोमध दोन भाग करा आणि पहिल्याला सोळाव्याजवळ, दुसऱ्याला सतराव्याजवळ बसवा. नियम एकच: जोडीदार अडला तर मनात तीन आकडे मोजायचे, मग शब्द सांगायचा आणि त्याने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. गोंगाट होतो, हे खरं आहे. शेजारी दुसरा वर्ग असेल तर निम्म्या जोड्या व्हरांड्यात बसवाव्या लागतात.

पुनर्वाचन म्हणजे पन्नास-शंभर शब्दांचा एकच उतारा ओघ येईपर्यंत वाचायचा आणि दर वेळी वेळ व चुका टिपायच्या. अमेरिकेत वाचनाचे अभ्यासक सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. तिथल्याच नॅशनल रीडिंग पॅनेल या वाचन-संशोधन तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या २००० च्या अहवालातही शिक्षकांच्या मार्गदर्शनाखालच्या अशा मोठ्याने वाचनाचा फायदा दिसून आला. मुलांनी नुसतं मूकवाचन केल्याने ओघ वाढतो, याला मात्र पुरेसा पुरावा मिळाला नव्हता. अडखळणाऱ्या मुलासाठी माझा सगळ्यात जास्त भरवसा याच पद्धतीवर आहे, कारण सोमवारी आठ ठिकाणी अडलेला उतारा गुरुवारी सरळ वाचता आला, हे त्याला स्वतःला दिसतं. पण एका मुलामागे तीन-चार मिनिटं जातात, त्यामुळे ३० जणांसाठी ती झेपत नाही. घड्याळ लावलं की मुलं पळायला लागतात, म्हणून प्रत्येक वाचनानंतर उताऱ्यावर एक प्रश्न हवाच. आणि इंग्रजीचे मिनिटाला अमुक शब्द हे तक्ते मराठीला लावू नका. ‘घराजवळच्या’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचेच दोन-तीन होतात. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी करावी.

नाट्यवाचनात पाठांतर नाही, वेशभूषा नाही. हातात संवाद धरून वाचायचं. तोच मजकूर आठ-दहा वेळा वाचायला मुलांना खरं कारण मिळतं आणि प्रश्नचिन्हाला आवाज चढतो. तयारीत चार-पाच दिवस जातात, म्हणून महिन्यातून एकदा पुरे. कच्च्या मुलाला दोन ओळींची भूमिका देऊन बाजूला बसवू नका. सोप्या शब्दांची पण लांब भूमिका द्या.

एकच निवडायची तर पहिली-दुसरीला अनुवाचन आणि तिसरी-चौथीला जोडीवाचन, असं मी सांगेन. जोडीवाचनाचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे त्या १५ मिनिटांत आपण मोकळे असतो. तेव्हा रोज चार मुलांना जवळ घेऊन पुनर्वाचन घेता येतं. त्या मुलांचे जोडीदार तेवढा वेळ शेजारच्या जोडीत बसतात.

अक्षरं आणि मात्राच पक्क्या नसलेल्या मुलाला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला आधी अक्षरगट आणि स्वरचिन्हांवरच बसवा, नाहीतर ते फक्त ओठ हलवत राहील आणि आपल्या लक्षातही येणार नाही.