गेट ॲप, आठ कॅमेरे आणि एक अख्खा पावसाळा : आमच्या लेआउटचा अनुभव

निकाल आधीच सांगतो, घाई असलेल्यांनी एवढंच वाचून पुढं जावं. कॅमेरे घ्या, पण भिंग किती मिलिमीटरचं आणि हार्डडिस्क किती टेराबाइटची हे कळल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. गेट ॲप प्लॉटच्या लेआउटला नको. सोलर दिवे ठीक. आणि या सगळ्याच्या आधी रिकाम्या प्लॉटांतल्या गवताची सोय लावा, नाहीतर बाकीचा निम्मा खर्च वाया.

आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वसाहत, बेळगावात खानापूर रोडपासून थोडा आत, बुडाची (बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी असलेला. निम्मे प्लॉट अजून मोकळेच. त्यांचे मालक पुण्याला, बेंगळुरूला, कुणी आखातात. राहणाऱ्यांत निवृत्त मंडळी जास्त, पोरं बाहेरगावी. शेजारच्या वसाहतीत लग्नसराईत भर दुपारी एक बंद घर फुटलं आणि आमच्या रहिवासी संघाची एरवी चार डोक्यांवर उरकणारी सभा त्या रविवारी अंगणात मावेना. तिथंच वर्गणी ठरली आणि मिरगाच्या आधी काम उरकलं. दोन्ही तोंडांना आणि बगीच्याजवळ मिळून आठ कॅमेरे, गेटवर बूम बॅरियर (वर-खाली होणारा दांडा), वॉचमनच्या हातात येणाऱ्याची नोंद करून घरच्यांचा होकार मागणाऱ्या ॲपचा फोन आणि आतल्या गल्ल्यांत सोलर दिवे. कंपन्यांची नावं देत नाही. या किमतीत सगळ्यांचा माल उन्नीस-बीसच असतो.

कॅमेऱ्याचं दिवसाचं चित्र झकास. पण विक्रेता डेमो देतो तो दुपारी बाराला, आणि आपल्याला गरज असते रात्री दोनची. ऐन पावसात एका रात्री एक टेम्पो आला आणि पाडकामाचा राडारोडा कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये ओतून गेला. सकाळी आम्ही सगळे पडद्याभोवती जमलो. टेम्पो दिसला, ताडपत्रीचं सुटलेलं टोक फडफडताना दिसलं, ड्रायव्हरची एक चप्पल चिखलात रुतली आणि ती काढायला तो बापडा परत आला, हेही दिसलं. नंबरप्लेटच्या जागी मात्र नुसता पांढरा चौकोन. चेहऱ्याच्या जागी धुरकट गोळा.

यात कॅमेरा बिघडलेला नव्हता. नंबरप्लेटचा पत्रा प्रकाश परत फेकणारा असतो. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड झोत त्यावर पडला की अक्षरं धुऊन निघतात, आणि समोरून हेडलाइट असेल तर विचारूच नका. चेहऱ्याचं कारण वेगळं. आमचे सगळे कॅमेरे २.८ मिलिमीटर भिंगाचे होते. त्यात रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो, पण माणूस ओळखू यायला तो चार-पाच मीटरच्या आत यावा लागतो. गल्लीत कोण फिरतंय एवढं बघायला ते पुरेसं आहे. गेटवर ६ मिलिमीटरचं भिंग हवं : रुंदी कमी दिसते, पण चेहरा सापडतो. विक्रेत्याकडं दोन्ही मिळतात, किमतीतही मोठा फरक नसतो. आपण मागितलं नाही तर तो गोदामात जास्त पडलेलं देतो.

नंबरप्लेट वाचणारा खास कॅमेरा आमच्या वर्गणीबाहेरचा होता. मग आमच्यातल्याच एका निवृत्त इलेक्ट्रिशियनकाकांनी उपाय काढला. गेटवर पांढरा एलईडी फ्लडलाइट लावला, त्या एका कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड सेटिंगमधून बंद केला आणि चित्र रात्रीही रंगीत ठेवलं. बॅरियरपाशी गाडी क्षणभर थांबते, तेवढ्यात नंबर वाचता येतो. बॅरियरचा आम्हाला झालेला खरा उपयोग हाच.

आता हार्डडिस्क. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, ‘३० दिवसांचं रेकॉर्डिंग’. हिशेब स्वतः करून बघा, सोपा आहे. दोन मेगापिक्सलचा कॅमेरा बऱ्यापैकी दर्जावर सेकंदाला साधारण २ मेगाबिट लिहितो, म्हणजे दिवसाला २१-२२ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे झाले १७० जीबीच्या पुढं. आम्हाला बसवून दिली होती २ टेराबाइटची डिस्क. ती अकरा दिवसांत भरते आणि मग जुन्यावरच नवं लिहायला लागते. कुणी यात्रेहून पंधरा दिवसांनी परतला आणि मागचं काही बघायचं म्हणाला, तर काय दाखवणार? ४ टेराबाइट घातल्यावर तेवीस दिवसांपर्यंत पोचलो. महिना हवा असेल तर ६ घ्या, आणि कॅमेऱ्यांसाठी बनवलेलीच डिस्क घ्या, कॉम्प्युटरमधली काढून लावलेली नको.

पावसाळ्यातल्या करामती वेगळ्याच. बेळगावचा पाऊस एकदा लागला की आठवडा आठवडा झड असते, आणि हालचाल दिसली की फोनवर इशारा देणारी सोय पावसाच्या प्रत्येक सरीला इशारा देते. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी तो आवाज बंद करून टाकला. तो पुन्हा कुणी चालू केलेला नाही. त्याहून त्रासदायक म्हणजे कोळी. रात्री कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेडच्या लाल ठिपक्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागं कोळी येतो, आणि भिंगासमोर असं जाळं विणतो की पडद्यावर चंदेरी पडदा दिसावा. त्यावर ॲप नाही, बांबू आहे. टोकाला मऊ फडकं बांधलेला, गेटच्या खोलीत उभा करून ठेवलेला. दर पंधरवड्याला कुणीतरी तो घेऊन फेरी मारायची. कोण मारणार, यावर मात्र संघात जेवढी चर्चा झाली तेवढी वर्गणीवरही झाली नव्हती.

परतीच्या पावसात एका संध्याकाळी जोरात कडाडलं आणि बगीच्याकडचे कॅमेरे एकदम गेले. डबा उघडून बघितलं तर आतला नेटवर्क स्विच (कॅमेऱ्यांच्या केबली जोडणारी पेटी) काळाठिक्कर. नेटवर्कची तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंतच नीट चालते, म्हणून मध्ये खांबावर पत्र्याच्या डब्यात स्विच बसवलेला. त्याला अर्थिंग नाही. लांबवर उघड्यावर टाकलेली तांब्याची केबल विजेचा झटका आत घेऊन येते. आता खांबापासून खांबापर्यंत फायबर आहे आणि दोन्ही टोकांना अर्थिंग. हे पहिल्यांदाच करून घ्या. आणि यूपीएस घेताना राउटरही त्याच्यावर जोडला आहे ना हे बघा. आमच्याकडं हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन गेली की रेकॉर्डिंग चालू राहायचं, पण फोनवर काहीच दिसायचं नाही, आणि रात्री अकराला दहा जणांचे मला फोन. विक्रेत्याची सेवा? बिल मिळेपर्यंत दारात, नंतर ‘उद्या पोरगं पाठवतो’. शिवाय रेकॉर्डरचा पासवर्ड त्यानं कारखान्यातून आलेलाच ठेवला होता. बसवल्याच्या दिवशीच तो बदलून घ्या.

ॲपबद्दल मी जरा तिखट लिहिणार आहे. अपार्टमेंटमध्ये एक दार, एक लिफ्ट, तिथं ते चालत असेल. लेआउटची गोष्टच निराळी. मंजूर लेआउटमधले रस्ते, बगीचा, सीए साईट (नागरी सोयींसाठी राखलेली जागा) या जागा प्राधिकरणाकडं सोडून दिलेल्या असतात. रस्ता सार्वजनिक. येणाऱ्याला विचारता येतं, अडवता येत नाही. मग ॲपवर मी ‘नकार’ दाबला तरी वॉचमननं करायचं काय?

आमचा वॉचमन बैलहोंगलकडचा, माणूस चांगला, पण ॲपच्या पडद्यावर कन्नडही नाही आणि मराठीही नाही. तो गाडीच्या काचेशी वाकून ‘यारु बेकु?’ (कोण पाहिजे?) विचारतो, समोरचा घराचं नाव सांगतो, हा हात करतो, दांडा वर. एवढं काम सेकंदाचं. ॲपवर त्यालाच फोटो काढा, मोबाइल नंबर टाका, घर निवडा, होकाराची वाट बघा. पावसात ओल्या बोटानं. घरातल्या आजी फोन उचलत नाहीत, पाहुणा रिक्षात भिजतोय. कडोलीकडून येणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी तर दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, ‘माझा फोटू कशाला काढतासा? भाजी पाहिजे तर गेटावर या की.’ आणि खरंच सगळ्या बायका गेटवर जायला लागल्या. सकाळी तिथं जो बाजार भरायचा त्यात कुणीही आत शिरलं असतं.

गणपतीत तर ॲपनं हातच टेकले. बेळगावात त्या दिवसांत कुणाच्या घरी कोण येतंय याचा हिशेब कुठं असतो? आरतीला येणारी पोरं, सुनेच्या माहेरची माणसं, ऑफिसातली मंडळी. वॉचमननं पहिल्याच संध्याकाळी दांडा वर करून ठेवला आणि फोन चार्जिंगला लावला. कुणी तक्रार केली नाही. शिवाय पाहुण्यांचे फोटो आणि नंबर कुठल्या सर्व्हरवर, किती दिवस राहतात, हे विचारल्यावर कंपनीच्या माणसानं गुळमुळीत उत्तर दिलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, त्यामुळं हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

आता पुन्हा वही आली आहे. रात्री दहानंतर येणाऱ्या अनोळखी गाडीचे शेवटचे चार आकडे, घर नंबर, वेळ. एवढंच. बीटचे हवालदार आले की पडद्याकडं नंतर बघतात, आधी वही मागतात. गावाला जाताना आता लोक वॉचमनला आणि शेजारच्या घराला सांगून जातात, काही जण पोलीस ठाण्यातही कळवतात. भिंतीवर ११२ मोठ्या अक्षरांत लिहिलंय. हे सगळं फुकट झालं.

सोलर दिव्यांबद्दल थोडक्यात : उन्हाळ्यात पहाटेपर्यंत, जुलैत जेमतेम मध्यरात्रीपर्यंत. गेट आणि वळणावर लाइनीवरचा दिवाच हवा. चौघांनी झाडाची फांदी तोडायला नकार दिल्यामुळं एक दिवा जांभळीलाच उजेड देतो.

आता गवत. जुलै संपता संपता मोकळ्या प्लॉटांतलं गाजर गवत आणि रानतण कंबरेच्या वर जातं. पाच नंबरच्या कॅमेऱ्यासमोर ऑगस्टभर फक्त हिरवी भिंत होती. त्या टेम्पोवाल्यानं नेमका तोच प्लॉट निवडला होता, कारण तिथं कुणी बघत नाही हे लांबूनच दिसतं. त्यात घोणस निघाली दोनदा, एकदा शाळेच्या व्हॅनच्या थांब्यापाशी. सर्पमित्राला बोलवावं लागलं. दम्याच्या माणसांना गाजर गवताच्या परागांचा त्रास होतो तो वेगळाच.

संघ हे मालकांवर लादू शकत नाही. फ्लॅटवाल्यांना १९७२ चा अपार्टमेंट कायदा आहे. आमच्यासारखा संघ नोंदलेला असतो तो कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली, आणि वर्गणी न देणाऱ्याला आम्ही फार तर पत्र पाठवतो. पत्रांना उत्तर येत नाही. शेवटी शाळेतून निवृत्त झालेल्या एका काकूंनी प्रत्येक मालकाला त्याच्याच प्लॉटचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली, दर सोमवारी, खाली एकच ओळ : ‘आपली जागा, आजची.’ पुण्याच्या मालकांनी घोणशीचा फोटो गेल्यावर तासाभरात पैसे पाठवले. आखातातले अजून निळी खूण दाखवून गप्प आहेत, त्यांचं गवत आम्ही वर्गणीतून काढलं. ब्रश कटरवाला एका दिवसात सगळं उरकून गेला, आणि त्या रात्री पहिल्यांदा पाच नंबरवर समोरच्या घराचा जिना दिसला. गाजर गवत मात्र फुलं यायच्या आत काढायला हवं, हातमोजे घालून, मुळासकट. फुलल्यावर कापलं तर पुढच्या वर्षीचं बी आपणच पेरल्यासारखं होतं.

आता वार्षिक देखभालीचा करार नव्यानं करायचा आहे. विक्रेत्याचा कागद आलाय, त्यात भिंगं पुसण्याचा उल्लेखच नाही. तीन महिन्यांतून एकदा सगळे कॅमेरे पुसून, दिशा तपासून, रात्रीच्या चित्राचा नमुना संघाला दाखवायचा, हे कलम आम्ही घातलंय, आणि पैसे चार हप्त्यांत. तो अजून ‘विचारून सांगतो’ म्हणतोय. ॲपचं सदस्यत्व वाढवलं नाही. ते पैसे मे महिन्यातल्या ब्रश कटरसाठी बाजूला काढलेत.