आठ महिने ठिपके मोजतोय: आय-ट्री कॅनपी आणि क्यूजीआयएस वापरून कसं वाटलं

पुण्यात आमच्या भागावर झाडांची सावली नक्की किती उरलीय हे कळावं म्हणून जूनमध्ये सुरू केलं. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. आय-ट्री कॅनपी अमेरिकेच्या वनखात्याचं, ब्राउजरमध्येच चालतं. नकाशावर हद्द आखायची, ते गूगलच्या सॅटेलाइट फोटोवर कुठेही ठिपके टाकतं, आपण प्रत्येक ठिपका बघून झाड की झाड नाही एवढंच सांगायचं. शिकायला अर्धा तास पुरतो.

पण १०० ठिपक्यांवर थांबू नका, मी थांबलो होतो. १०० पैकी ३० झाडांवर पडले तर उत्तर ३० टक्के येतं खरं, पण स्टँडर्ड एरर (अंदाज किती चुकू शकतो त्याचं माप) साडेचार टक्क्यांच्या वर, म्हणजे दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट धरलं तर खरा आकडा २१ ते ३९ मध्ये कुठेही असू शकतो! ५०० केले की एरर २ वर येते. एका बसणीला १०० च करा, पुढे डोळे थकतात आणि सावलीलाच झाड म्हणायला लागतो आपण.

क्यूजीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे हाताळायचं सॉफ्टवेअर, त्यात सेंटिनेल-२ या युरोपियन उपग्रहाचे फोटो घेऊन एनडीव्हीआय (लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशावरून हिरवळ किती ते सांगणारा आकडा) पण काढून पाहिला. पावसाळा संपता संपता मोकळे प्लॉट, गवत, पत्र्यावर चढलेले वेल सगळं हिरवंगार, आकडा एकदम फुगला, आणि १० मीटरच्या पिक्सेलमध्ये गल्लीतला एकटा शेवगा कुठे दिसणार. उलट एका गच्चीवरची हिरवी शेडनेट मी डोळ्यांनी झाड म्हणून मोजली होती, ती एनडीव्हीआयने बरोबर पकडली, कारण प्लॅस्टिक इन्फ्रारेड पानासारखं परावर्तित करत नाही. त्यामुळे शंका आली तर दोन्ही बघतो, तरी नाही कळलं तर स्कूटर काढून जाऊन येतो. फोटोची तारीख बघाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर, पांगारा निष्पर्ण असतात आणि झाड असून नसल्यासारखं दिसतं.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे क्यूजीआयएसमध्ये एकदा ठिपके बनवून केएमएल (गूगल अर्थमध्ये उघडणारी नकाशाची फाइल) म्हणून सेव्ह करा आणि गूगल अर्थ प्रोमध्ये उघडून जुन्या वर्षांचे फोटो तेच ठिपके ठेवून बघा. दर वेळी नवे ठिपके टाकले तर दोन-तीन टक्क्यांची घट एररमध्येच बुडून जाते, तेच ठेवले की नेमकं कुठलं झाड गेलं ते दिसतं. आमच्या कोपऱ्यावरच्या एका ठिपक्यावर जुन्या फोटोत रेन ट्रीचा भलामोठा घेर आहे, आता तिथे पार्किंगचे पांढरे पट्टे आहेत. ते दोन फोटो शेजारी शेजारी प्रिंट काढून ठेवलेत, पुढच्या वेळी झाडावर तोडीची नोटीस लागली की हरकतीच्या अर्जाला जोडणार आहे.