फ्लो कंट्रोलर आणि नागपूरचं ऊन : काचा धुण्याच्या पोलवर आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या दसऱ्याला आमच्या काचा धुण्याच्या गाडीवर फ्लो कंट्रोलर बसवला, म्हणजे पंपानं किती पाणी सोडायचं ते ठरवणारा छोटा डबा. आता मृग लागला. मधल्या आठ महिन्यांत पौषातली थंडी झाली, मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन झालं, नवतपाही झाला. धंद्यातले लोक विचारतात, घेऊ का? घ्या. मी घेतला तो पाणी कमी सोडता यावं म्हणून. उपयोगी पडला तो मुख्यतः पाणी मधेमधे बंद करता येतं म्हणून. हा फरक समजायला मला दोन महिने आणि एक नाराज गिऱ्हाईक लागलं.

ही पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लांब पोलच्या टोकाला ब्रश, ब्रशात पाण्याची धार सोडणारे बारीक जेट, आणि पोलच्या आतून वर जाणारी पाण्याची नळी. पाणी आरओ फिल्टर आणि रेझिनमधून (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे, संपले की बदलावे लागतात) काढलेलं, म्हणजे टीडीएस, पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरवर जवळपास शून्य. साबण नाही, वायपर नाही. ब्रशनं घासायचं, धुवायचं आणि काच ओलीच सोडायची. पाण्यात क्षारच नाहीत, त्यामुळे वाळल्यावर डाग राहत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंतचं काम जमिनीवर उभं राहून होतं, शिडीवर पोरगा चढवावा लागत नाही. मला ही पद्धत आवडते ती सगळ्यात जास्त याच कारणासाठी.

आमच्याकडे टाटा एसच्या मागे ५०० लिटरची टाकी, १२ व्होल्टची बॅटरी आणि मिनिटाला ५ लिटर देणारा डायफ्रॅम पंप आहे. हिशेब सरळ आहे. पंप पूर्ण सोडला तर टाकी १०० मिनिटांत रिकामी. मिनिटाला २ लिटरवर आणलं तर तेच पाणी चार तासांच्या वर पुरतं. आणि हे पाणी नळाचं नाही. महापालिकेचं पाणी आमच्या मीटरवर २०० पीपीएमच्या आसपास दाखवतं, पण वर्धा रोडकडच्या एका सोसायटीच्या बोअरचं मी ८०० पाहिलं आहे. असं पाणी शुद्ध करताना आरओतून जेवढं चांगलं निघतं जवळपास तेवढंच वाया जातं, आणि उरलेले क्षार रेझिन खाऊन टाकतं. रेझिन स्वस्त नाही. म्हणजे काचेवरून फुकट वाहिलेल्या एका लिटरमागे दोन लिटर गेले, वर रेझिनचं आयुष्य घटलं ते वेगळंच. जुलै २०१९ मध्ये शहराला पाणी देणारं तोतलाडोह धरण आटलं आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी आलं, तेव्हा भर पावसाळ्यात आम्ही घरी ड्रम भरून ठेवत होतो. तेव्हापासून वाहतं पाणी बघवत नाही.

म्हणून कंट्रोलर लागल्याबरोबर मी पहिली गोष्ट काय केली, तर आकडा खाली आणला. मिनिटाला एक लिटर. दोन दिवस खूश होतो. मग खापरखेड्याकडच्या एका बंगल्यातून काकूंचा फोन आला, ‘‘अहो भाऊ, काच तर ठिपके-ठिपके दिसून राहिली जी.’’ जाऊन पाहिलं तर खरंच होतं. त्या बाजूला वीजकेंद्राच्या राखेची बारीक धूळ चौकटीच्या वरच्या खाचेत बसलेली असते. घासताना ती सुटते, पण खाली वाहून न्यायला पाणी पुरेसं नसेल तर काचेवरच उतरून वाळते. पाणी शून्य टीडीएसचं होतं. ठिपके होते ते न धुतलेल्या धुळीचे. सगळ्या खिडक्या पुन्हा धुवून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर मी आकडा ठरवायची पद्धतच बदलली. घासायला पाणी थोडं चालतं, धुवायला जास्त लागतं, आणि खिडकीगणिक गाडीपर्यंत चालत जाऊन बटण दाबणं कुणालाच जमत नाही. म्हणून आकडा धुण्याला पुरेल असाच ठेवायचा आणि बचत दुसरीकडे करायची. दुसरीकडे म्हणजे पोलच्या बुडाशी, हाताजवळ बसवलेल्या छोट्या कॉकवर. एक खिडकी झाली, पोल उचलला, पाइप ओढला, दुसऱ्या खिडकीखाली गेलो, ब्रश टेकवला. या सगळ्या वेळात पाणी नुसतं गळत असतं. एक दिवस मोबाइलवर वेळ लावून बघितलं. दोन तासांच्या कामात ब्रश काचेवर टेकलेला असा वेळ सव्वा तासाच्या आतच भरला. बाकीचं पाणी झाडांना, पार्किंगला आणि माझ्या भाच्याच्या बुटांना.

कॉक पूर्वीही बसवता आला असता. पण नुसत्या पंपावर तो बंद केला की पाइपात दाब चढतो, प्रेशर स्विच पंप थांबवतो, दाब जरा उतरला की पुन्हा सुरू करतो. टक-टक-टक असं चालूच राहतं. माझा एक स्विच त्यातच जळला होता. कंट्रोलर पंपावर पडणारा भार ओळखतो. कॉक बंद झाला की भार वाढतो, त्याला कळतं की पुढे रस्ता बंद आहे, आणि तो पंप शांतपणे थांबवतो. मग थोड्या थोड्या वेळानं चाचपून पाहतो आणि कॉक उघडलेला दिसला की पंप चालू करतो. पाण्याचा वेगही तो वीज तुटक-तुटक देऊन कमी-जास्त करतो, त्यामुळे बॅटरी जास्त पुरते. आमची आता दिवसभर चालते. व्होल्टेज फार उतरलं तर पंप आपोआप बंद होतो, बॅटरी मरत नाही.

हा भार ओळखण्याचा आकडा म्हणजे कॅलिब्रेशन. या यंत्राचा सगळा जीव तिथे आहे, आणि विकणाऱ्यानं मला त्याबद्दल एक वाक्यही सांगितलं नव्हतं. आकडा फार कमी असेल तर कॉक उघडा असतानाही पंप मधेच थांबतो आणि तुम्ही धुता धुता कोरडा ब्रश फिरवत राहता. फार जास्त असेल तर कॉक बंद करूनही पंप ढकलतच राहतो.

दुसरा प्रकार आमच्यावर मे महिन्यात आला. कॅलिब्रेशन मी जानेवारीत केलं होतं, सकाळी सात वाजता, पाणी गार आणि पाइप काठीसारखा ताठ असताना. मेमध्ये धरमपेठेतल्या एका ऑफिसला काम होतं. साडेदहा वाजले होते, पन्नास मीटर काळा पाइप तापलेल्या पेव्हर ब्लॉकवर पडलेला. हात लावला तर सायकलच्या ट्यूबसारखा मऊ. भाच्यानं कॉक बंद केला आणि आम्ही इमारतीच्या मागे सावलीत चहाला बसलो. मऊ पाइप फुगत गेला, भार त्या जुन्या आकड्यापर्यंत चढलाच नाही, पंप चालूच. पाइप गुंडाळायच्या रीलजवळचं कनेक्टर केव्हा निसटलं कळलं नाही. अर्ध्या तासानं वॉचमन सांगत आला. भाचा धावत गेला आणि तिकडूनच ओरडला, ‘‘मामा, पंप बंदच नाही होऊन राहिला!’’ सत्तर-ऐंशी लिटर शुद्ध पाणी गेटाबाहेर रस्त्यावर गेलं होतं. तेव्हापासून ऋतू बदलला, पाइप बदलला किंवा पाइपाची लांबी बदलली की पुन्हा कॅलिब्रेशन करायचं असा नियमच केला. कॉक बंद करून यंत्राला आपला आकडा आपण शोधू द्यायचा, आणि मग दोन-तीन वेळा कॉक उघड-बंद करून खात्री करायची. पाच मिनिटांचं काम आहे. उन्हाळ्यात कनेक्टरवर क्लिप लावतो आणि रील सावलीत ठेवतो.

आणखी एक फसगत सांगतो. स्क्रीनवरचा प्रवाहाचा आकडा, समजा ४०, म्हणजे लिटर नव्हेत, पंपाच्या ताकदीचा तो नुसता अंदाज आहे. खरा प्रवाह मोजायचा तर पोल कामाच्या उंचीवर उभा करून ब्रशखाली धरता येईल अशी जागा शोधावी लागते. आम्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक लिटरची बाटली धरून उभे राहतो. तीस सेकंदांत भरली तर मिनिटाला दोन लिटर. जमिनीवर मोजलं तर जास्त दिसतं, कारण दर दहा मीटर उंचीला जवळपास एक बार दाब खर्ची पडतो. पण उंचीपेक्षा जास्त दाब पाइप खातो, हे मला उशिरा कळलं. आतून ६ मिलिमीटरचा पाइप काढून ८ मिलिमीटरचा घातला, तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षणात जाणारा दाब चौथाईवर येतो. माझा आकडा ६० वरून ४० वर आला तो या एका बदलानं. जाड पाइप ओढायला जड जातो, भाचा कुरकुरला, पण परत जायला आता तोही तयार नाही.

जेटही बदलले. प्रवाह कमी केला की २ मिलिमीटरच्या भोकातून धार मरते आणि पाणी ब्रशाच्या केसांतच मुरतं. १.४ मिलिमीटरचे घातले की भोकाचं क्षेत्रफळ निम्मं होतं, पाणी कमी असूनही धार काचेपर्यंत पोचते. ज्या काचेवर पाणी चादरीसारखं उतरतं तिथे ब्रश टेकवूनच धुतो. ज्या काचेवर थेंब-थेंब होऊन पळतं तिथे ब्रश थोडा दूर धरून वरून धार सोडतो, आणि तिथे पाण्याचा हात आखडत नाही.

उन्हाचं मात्र कंट्रोलर काही करू शकत नाही. मेमध्ये पूर्वेची काच आठ वाजताच तापते, पाणी खालच्या पट्टीला पोचेपर्यंत वरचं वाळलेलं. मी आकडा वाढवून पाहिला, पाणी गेलं, काच तशीच. साडेपाचला काम सुरू करायचं आणि सावलीच्या बाजूनं फिरायचं, एवढाच उपाय आहे. तसंच कूलरखालच्या खिडक्यांचं. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ठिबकून काचेवर जो पांढरा थर बसतो तो शुद्ध पाण्यानं निघत नाही, कितीही सोडा. तो वेगळ्या औषधानं हातानं काढावा लागतो. हे मी आता आधीच सांगतो आणि त्याचे पैसे वेगळे लावतो.

तक्रारी दोन. स्क्रीन उन्हात दिसत नाही, टोपीची सावली धरून वाचावी लागते. आणि डबा पाण्याच्या कामाचा असूनही पाण्यापासून सुरक्षित नाही. मी तो प्लास्टिकच्या जेवणाच्या डब्यात बसवून वायरी खालून काढल्या आहेत.

नवीन माणसाला एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. पाण्याच्या आकड्यांत लक्ष गुंतलेलं असताना वर बघायचं विसरू नका. जुन्या वस्त्यांत विजेच्या तारा गॅलरीला लागून जातात आणि कार्बन फायबरचा पोल वीज वाहून नेतो. तार जवळ असेल ती खिडकी आम्ही सोडतो, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

सध्या आकडा ४२ आहे, ब्रशपाशी मिनिटाला पावणेदोन लिटर. नेहमीच्या गिऱ्हाइकाला एवढं पुरतं, पहिल्यांदा धुवायच्या घराला ६० वर नेतो. रेझिन पूर्वी दोन महिन्यांत बदलावं लागायचं, आता चौथा महिना चालू आहे आणि मीटर अजून २ दाखवतंय. पावसानं पाणी गार झालं की या आठवड्यात पुन्हा कॅलिब्रेशन करायचं आहे.