तरुण क्वार्टरबॅक: धीर धरावा की नवा आणावा?

समजा, अमेरिकन फुटबॉलमधल्या एका संघाने ड्राफ्टच्या (कॉलेजातले खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांच्या) पहिल्या फेरीत घेतलेल्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचा, दुसरा हंगाम संपला आहे. संघाने जेमतेम चार सामने जिंकलेत आणि त्यामुळेच एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये अगदी वरचा क्रमांक हाती आला आहे. कॉलेजात यंदा एक नाव गाजतंय. आहे त्यालाच धरून राहायचं की नवा आणायचा? एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या निम्म्याअधिक संघांवर कधी ना कधी ही वेळ आली आहे.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर दोन्ही उत्तरं एकाच मैदानावर पाहायला मिळाली. ईस्ट रदरफोर्डच्या मेटलाइफ स्टेडियमवर खेळणाऱ्या जेट्स संघाने २०१८ मध्ये सॅम डार्नल्डला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. तीन हंगामांनंतर, एप्रिल २०२१ मध्ये, त्याला कॅरोलायनाकडे पाठवलं आणि त्याच महिन्यात झॅक विल्सनला दुसऱ्या क्रमांकावर उचललं. नोव्हेंबर २०२२ पर्यंत विल्सनही बाकावर होता. त्याच मैदानावरच्या जायंट्सनी डॅनियल जोन्सला २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत सांभाळलं. एकाने घाई केली, दुसऱ्याने भरपूर वाट पाहिली, आणि रिकामे हात दोघांचेही. म्हणजे नुसती किती वर्षं थांबलात एवढ्यावरून निकाल लागत नाही. तरीही माझा कल धीराकडे आहे.

आधी बदलाची बाजू, कारण ती कमजोर नाही. नवोदिताचा करार स्वस्त असतो. त्या चार वर्षांत वाचलेल्या पैशातून क्वार्टरबॅकला संरक्षण देणारी लाइन आणि बचावफळी उभी करता येते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार पाचव्या वर्षासाठी वाढवण्याचा हक्क वापरायचा की नाही हे तिसऱ्या हंगामानंतर, मेच्या सुरुवातीला, कळवावं लागतं. आणि लीग आणि खेळाडू संघटना यांच्या २०२० च्या सामूहिक करारापासून तो हक्क वापरला की ती रक्कम पूर्ण हमीची होते. घड्याळ चालू असतं. ॲरिझोनाने २०१८ मध्ये जॉश रोझनला दहाव्या क्रमांकावर घेतलं, ३-१३ (तीन विजय, तेरा पराभव) अशी हार खाल्ली आणि पुढच्याच ड्राफ्टमध्ये कायलर मरेला पहिल्या क्रमांकावर आणलं. मरे त्या वर्षीचा सर्वोत्तम आक्रमक नवोदित ठरला, रोझनला पुढे कुठेच जम बसवता आला नाही. वॉशिंग्टनने २०२४ मध्ये सॅम हॉवेलला सोडून जेडन डॅनियल्सला घेतलं आणि १२-५ करून थेट एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. पण हॉवेल पाचव्या फेरीतला होता, त्याच्यावर संघाने फारसं काही पणाला लावलेलं नव्हतं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या बाबतीत हिशेब इतका सोपा नसतो.

धीराच्या बाजूने सगळे जॉश ॲलनचं नाव घेतात, आणि घ्यावंच. पण बफेलोने नेमकं काय केलं ते क्वचितच कुणी नीट सांगतं. २०१८ मध्ये त्याचे ५२.८ टक्के पास पूर्ण झाले, १० टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) आणि १२ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास). पुढच्या वर्षी ५८.८ टक्के. २०२० मध्ये ६९.२ टक्के आणि ३७ टचडाउन. मधल्या काळात २०१९ ला मिच मोर्स हा सेंटर (लाइनच्या मधोमधचा खेळाडू) आला, जॉन ब्राउन आणि कोल बीझली हे रिसीव्हर (पास झेलणारे) आले, मार्च २०२० मध्ये पहिल्या फेरीची निवड मोजून स्टेफॉन डिग्ज आणला. ॲलनची पावलं आणि कंबर फेकीच्या दिशेने वेळेवर वळावी यावर वेगळं काम झालं. आणि या सगळ्यात एक गोष्ट जागची हलली नाही: ब्रायन डेबॉल. २०१८ ते २०२१, सलग चार हंगाम तोच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव ठरवणारा कोच), डाव सांगण्याची तीच भाषा.

माझं मत झुकलं ते इथे. तरुण क्वार्टरबॅकच्या बाबतीत सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे दरवर्षी बदलणारी खेळाची भाषा. खेळाच्या घड्याळात दोन डावांमध्ये ४० सेकंद असतात. घड्याळ १५ वर आलं की कोचचा आवाज हेल्मेटमधून बंद होतो. म्हणजे पहिल्या २५ सेकंदांत त्याने कॉल (कुठला डाव खेळायचा ती सूचना) ऐकायचा, आणि घड्याळ शून्यावर येण्याआधी हडलमध्ये (डावाआधीच्या घोळक्यात) दहा जणांना न चुकता सांगायचा, लाइनवर जायचं, समोरचा मधला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू) कोण ते हाताने दाखवून अडवणूक ठरवायची, सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) एक आहेत की दोन ते पाहायचं, आणि गरज पडली तर कॉल बदलायचा. यातला निम्मा वेळ कॉलचे शब्द मनात उलगडण्यात गेला तर सेफ्टीकडे बघायला सवड उरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो मंद वाटतो. पुष्कळदा तो मंद नसतो, भाषांतर करत असतो.

वेस्ट कोस्ट पद्धतीत रिसीव्हरची धाव शब्दांत सांगतात, त्यामुळे कॉल लांबलचक होतो. कोरियेल पद्धतीत धावांना आकडे असतात: सम आकडा आत वळणारी धाव, विषम बाहेर, आठ म्हणजे पोस्ट (गोलखांबांकडे तिरकी धाव), नऊ म्हणजे सरळ रेषेत सुसाट. एरहार्ट-पर्किन्समध्ये एकच शब्द पूर्ण रचनेचं नाव असतो आणि आपापली जागा पाहून प्रत्येकाने आपली धाव ओळखायची. धावा त्याच, नावं पूर्ण वेगळी. एकातून दुसऱ्यात गेलं की प्रतिक्षिप्तपणे येणारी गोष्ट पुन्हा विचार करून करावी लागते.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण ॲलेक्स स्मिथ. २००५ चा पहिला क्रमांक, सॅन फ्रान्सिस्को. पहिल्या हंगामात एक टचडाउन, ११ इंटरसेप्शन. त्या वर्षी कोऑर्डिनेटर माइक मॅकार्थी, भाषा वेस्ट कोस्टची. २००६ मध्ये नॉर्व्ह टर्नर आणि कोरियेलचे आकडे. २००७ मध्ये जिम हॉसलर, २००८ मध्ये माइक मार्ट्झ, मग जिमी रे. त्यात खांद्याची दुखापत. लोकांनी त्याच्यावर फुली मारली होती. २०११ मध्ये जिम हार्बो आला, पद्धत साधी आणि सुसंगत झाली, आणि त्याच स्मिथने १७ टचडाउन व फक्त पाच इंटरसेप्शनसह संघाला १३-३ आणि एनएफसीच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. हात तोच, डोकं तेच.

रोझनकडेही याच नजरेने पाहायला हवं. त्याच्या एकमेव ॲरिझोना हंगामात ऑक्टोबरमध्येच कोऑर्डिनेटर बदलला आणि वर्ष संपताच मुख्य कोच गेला. तो चांगला निघाला असता असं मी म्हणणार नाही. पण तसा निवाडा करण्याइतका पुरावा तरी कुणाकडे होता? क्वार्टरबॅक आणि कोऑर्डिनेटर एकाच वेळी बदलले की दोष कुणाचा होता हे कायमचं झाकलं जातं, आणि पुढच्या मुलाच्या वाट्याला तोच गोंधळ येतो. डार्नल्डने २०२४ मध्ये मिनेसोटाकडून ३५ टचडाउन फेकून १४-३ केलं, बेकर मेफिल्डने त्याच वर्षी टँपा बेसाठी ४१. दोघंही २०१८ च्या ड्राफ्टमधले, दोघांनाही पहिल्या संघांनी सोडलेलं.

मधला मार्ग म्हणून बाकावर बसवण्याचा सल्ला मिळतो. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. सुरुवातीपासून अनुभवी माणसाच्या मागे बसवणं, जसं २०१७ मध्ये पॅट्रिक माहोम्सला (त्याच ॲलेक्स स्मिथच्या मागे) किंवा ग्रीन बेमध्ये जॉर्डन लव्हला तीन वर्षं, हे उत्तम. पण वर्षभर खेळवून मग उतरवणं महाग पडतं, कारण सराव जातो. हंगामात सरावाचे भरीव दिवस आठवड्यात तीन, बुधवार ते शुक्रवार, आणि पूर्ण पॅड घालून सराव सबंध हंगामात फक्त १४ वेळा करता येतो. पहिल्या फळीचे जवळजवळ सगळे डाव खेळणाऱ्यालाच मिळतात. बाकावरच्याच्या वाट्याला स्काउट टीम येते: येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याचे डाव कार्डांवर रेखाटलेले असतात, कोच कार्ड उंच धरतो, आणि तो ते वाचून आपल्याच बचावफळीला सराव देतो. म्हणजे आठवडाभर दुसऱ्याच संघाचं प्लेबुक. ब्राइस यंगला कॅरोलायनाने २०२४ मध्ये दोन सामन्यांनंतर बसवलं, अँडी डाल्टनच्या अंगठ्याला दुखापत झाल्यावर तो परतला आणि हंगाम संपताना खरोखर चांगला खेळत होता, हे मान्य. पण २०२३ मध्ये त्याला ६२ वेळा सॅक झालं होतं (चेंडू फेकण्याआधीच पाडलं होतं) आणि मुख्य कोच ११ सामन्यांतच गेला होता, तेही मोजा. २०२४ मध्ये कॅरोलायनाने नवा कोच आणला आणि क्वार्टरबॅक ठेवला, माझ्या मते खरं काम त्याने केलं.

धीर कुठे चुकतो तेही पाहायला हवं. जायंट्सनी मे २०२२ मध्ये जोन्सचा पाचव्या वर्षाचा हक्क नाकारला. मग त्याचा एक हंगाम नीट गेला, १५ टचडाउन, पाच इंटरसेप्शन, प्लेऑफमध्ये एक विजय. आणि मार्च २०२३ मध्ये त्याला चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार दिला. एका बऱ्या वर्षावर मोठा करार हा धीर नव्हे. धीर कराराच्या आत धरायचा असतो.

म्हणून व्हिडिओ पाहताना आकडे बाजूला ठेवा आणि दुसऱ्या हंगामातले उत्तरार्धातले सामने घ्या, तिसरा डाउन (दहा यार्ड गाठण्याच्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि सात यार्डांहून जास्त अंतर. आउट (बाहेर वळणाऱ्या) धावेवर चेंडू एका ठोक्याने उशिरा सुटतोय, स्नॅपनंतर (डाव सुरू झाल्यावर) सेफ्टी सरकल्यावर तो फसतोय, अडवणूक चुकीच्या बाजूला लावतोय: हे सारं सरावाने सुटतं. पहिला रिसीव्हर अडलेला दिसल्यावर डोळ्यांबरोबर पाय दुसऱ्याकडे वळतात का ते पाहा. वळत असतील तर थांबायला हरकत नाही. पण समोर कुणी आलेलं नसताना तो पॉकेट (लाइनने भोवती राखलेली जागा) सोडून पळतो, नजर रिसीव्हरवरून उतरून धावून येणाऱ्यांवर जाते, आणि हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटीही कमी होत नसेल, तर मी वाट पाहणार नाही. मात्र आधी लाइन तपासा. डेव्हिड कारला २००२ मध्ये ह्यूस्टनमध्ये ७६ वेळा पाडलं, तो एका हंगामाचा विक्रम आहे. अशा माराखाली कुणाचीही नजर खाली जाईल.

आणि काहीतरी बदलायचंच असेल तर आधी कोच बदला. रॅम्सने २०१६ मध्ये जॅरेड गॉफचे सातही सामने हरले. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे आला आणि गॉफने २८ टचडाउन, सात इंटरसेप्शन केले; २०१८ च्या हंगामात संघ सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, होता. पुढे त्याच रॅम्सने गॉफ, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक देऊन डेट्रॉइटकडून मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला आणि २०२१ च्या हंगामाचं विजेतेपद मिळवलं. बदलाच्या बाजूचं हे सर्वांत बळकट उदाहरण. पण त्यांनी आणलेला माणूस बारा हंगाम खेळून तयार झालेला होता, दुसरा नवोदित नव्हता.